आन्सेल्मोच्या तेलाचा चोर

अझुआ गावच्या बाजारनाक्यावर आन्सेल्मो फेलिसला घाईत असलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मोटरसायकलवरून माणसं पोचवायचा त्याचा धंदा, आणि त्या धंद्यात घाई हेच भांडवल. पण आन्सेल्मो किक मारण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायचा, टायर दाबून बघायचा, साखळीवरून बोट फिरवायचा आणि मगच गिऱ्हाइकाला बस म्हणायचा. तोवर गिऱ्हाईक बहुधा दुसऱ्याच कुणाच्या मागे बसून निम्म्या वाटेला लागलेलं असायचं. त्याचं त्याला काही वाटत नसे. जे थांबत ते कायमचे त्याचे होत: म्हाताऱ्या बायका, गरोदर बायका, अंड्यांचे ट्रे घेऊन जाणारे, आणि चर्चमधल्या मेणबत्त्यांचं बघणारी, सगळे जिला मानानं दोन्या म्हणत ती ओब्दुलिया. या बाईला वेगाची भीती होती, आणि वेगात मेले तर पापांची कबुली द्यायची राहून जाईल याची त्याहून जास्त.

नाक्यावरच्या बाकीच्या पोरांना आन्सेल्मोचं प्रवचन तोंडपाठ होतं. माणूस उपाशी चालतो, इंजिन चालत नाही, असं ते सुरू व्हायचं आणि त्याच्या बापाच्या ट्रकपाशी संपायचं. बापाचा टोमॅटो वाहायचा ट्रक होता. एकदा तेल बघायचं राहून गेलं आणि भर उन्हात चढावर इंजिन असं जाम झालं की परत कधी फिरलंच नाही. टोमॅटो तिथेच कुजले, आणि बाप पुढची सगळी वर्षं दुसऱ्याच्या ट्रकवर हमाली करत मेला. तेव्हापासून आन्सेल्मोची देवावर जेवढी श्रद्धा होती तेवढीच तेलावर होती. देव निदान दिसत नाही म्हणून त्याला थोडी सूट होती.

रोज सकाळी कॉफीच्या आधी तो अंगणात जायचा. तेलाच्या झाकणाला लावलेली काडी बाहेर काढायची, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवायची आणि उजेडाकडे धरून बघायची. काडीवर दोन खुणा. तेल वरच्या खुणेला टेकलेलं दिसलं की दिवस चांगला. मग तो आत येऊन बायकोला, नेरेइदाला म्हणायचा, "बरोबर आहे." लग्नाला वीसेक वर्षं झाली होती. नेरेइदानं कधी "काय बरोबर आहे?" असं विचारलं नाही.

बरोबर नव्हती ती एकच गोष्ट: नेरेइदाचा धाकटा भाऊ उबाल्दो. चक्रीवादळात त्याच्या खोलीवरचे पत्रे उडाले म्हणून तो आठ दिवसांसाठी आला होता. त्या पत्र्यांचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही, आणि उबाल्दोही गेला नाही. परसात दोन आंब्यांच्या मध्ये त्यानं झुला बांधला. दुपारपर्यंत झुल्यात, दुपारनंतर कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर डॉमिनोच्या टेबलाशी, असा त्याचा दिनक्रम. घरात आपला उपयोग काय, असा प्रश्न कधी निघालाच तर तो म्हणायचा की तुम्ही दोघं बाहेर असता, कुणीतरी राखण करायला नको का. राखण तो डोळे मिटून करायचा.

हे सगळं आन्सेल्मोनं सोसलं असतं. पण उबाल्दो भाताची खरवड खायचा. पातेल्याच्या तळाशी लागलेली, तेलात कुरकुरीत झालेली ती खरवड आन्सेल्मोला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून मिळत आली होती. तो नाक्यावरून जेवायला येईपर्यंत आता पातेलं खरवडून पालथं घातलेलं असायचं. नेरेइदा म्हणायची, झोपेतून उठला आणि त्याला भूक लागली, काय करू. मरताना आईनं उबाल्दोचा हात तिच्या हातात दिला होता, त्यामुळे तिला काही बोलता येत नव्हतं. आन्सेल्मोला बोलता येत नव्हतं कारण बायकोच्या भावाला घराबाहेर काढणारा माणूस म्हणून नाक्यावर नाव झालं असतं. त्याला वाटायचं एक दिवस ती बोलेल, तिला वाटायचं एक दिवस तो बोलेल. उबाल्दोला या दोघांचे स्वभाव पुरते ठाऊक होते, त्यामुळे त्याला काहीच वाटायचं नाही.

अशात एका पावसाळ्यात नदीच्या पात्रातून गाडी काढताना आन्सेल्मोचा डबल स्टँड दगडावर आपटला. गंजलेलाच होता, तुटून पाण्यात गेला. गावात एकच चांगला मेकॅनिक, किरिनो. पण किरिनोकडे पान्यापेक्षा जीभ जास्त चालायची. कुणाच्या गाडीत काय निघालं ते संध्याकाळी सगळ्या अझुआला कळलेलं असायचं. म्हणून आन्सेल्मो आपली गाडी त्याला दाखवत नसे, जमेल ते स्वतःच करी. स्टँडचं बघू पुढे, असं म्हणून त्यानं गाडी साइड स्टँडवर कलती लावायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काडी बाहेर काढली तर तेल खालच्या खुणेलाही पोचलेलं नव्हतं.

 आन्सेल्मोला टोमॅटोचा वास आला म्हणतात. त्यानं घरातली बाटली आणली आणि वरच्या खुणेपर्यंत तेल घातलं. दिवसभर गाडी जरा जड चालली, पण पाऊस होता, रस्ते खराब होते. दोन दिवसांनी बघतो तर तेल परत खाली. परत घातलं. आठवड्यानं पुन्हा तेच.

इंजिनाखाली जमीन कोरडी होती. म्हणजे गळत नव्हतं. मग जातं कुठे? आन्सेल्मो विचार करणारा माणूस होता, आणि विचार करणाऱ्या माणसाचं एक असतं की तो चुकला तरी पायरी-पायरीनं चुकतो. तेल आपोआप जात नाही. गळत नाही. म्हणजे कुणीतरी काढून घेतंय.

त्यानं फाटकाला कुलूप लावलं. तेल कमीच. मग त्यानं तेलाच्या झाकणाभोवती शिवणाचा पांढरा दोरा गुंडाळून विशिष्ट गाठ मारली. सकाळी दोरा जसाच्या तसा, गाठ जशीच्या तशी, आणि तेल कमी. दुसरा एखादा इथे थांबला असता. आन्सेल्मोनं काढलेला निष्कर्ष असा की चोर साधासुधा नाही, गाठ बघून पुन्हा तशीच मारणारा आहे.

शेवटी त्यानं गाडी घरातच आणली. बाहेरच्या खोलीत, मेरीमातेच्या तसबिरीखाली, फ्रिजला लागून ती कलती उभी राहू लागली. घरभर पेट्रोलचा वास. कॉफीला पेट्रोलचा वास, उशीला पेट्रोलचा वास. नेरेइदा म्हणाली की या घरात आता फक्त बकरी आणायची राहिली आहे.  दार आतून बंद, खिडक्या बंद, आणि सकाळी काडी सांगत होती की तेल कमी झालं आहे. म्हणजे चोर आतला.

आतले तिघं होते.

त्या दिवशी जेवणात भात, राजमा आणि कोंबडी होती. आन्सेल्मो मुद्दाम वेळेआधी घरी आला. उबाल्दो नुकताच झुल्यातून उठून बसला होता आणि खरवडीचा पहिला घास त्याच्या तोंडात होता.

"या घरात आपण तिघं," आन्सेल्मो म्हणाला. "मी माझंच तेल चोरत नाही. नेरेइदाच्यानं ते झाकण फिरत नाही."

उबाल्दोला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यानं चमचा खाली ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ न देता.

"दाजी, तुमचा भात मी खाल्ला, तुमच्या खुर्चीत बसलो, हे मला मान्य आहे. तुमच्या इंजिनातलं तेल घेऊन मी काय करू?"

"विकलंस."

"विकायला दुकानापर्यंत जावं लागतं."

"दुकानात तर तू रोजच असतोस."

 उबाल्दोनं बहिणीकडे बघितलं. नेरेइदा राजम्याच्या भांड्यात बघत होती, जणू एखादा दाणा हरवला होता. मग उबाल्दो उठला. इतक्या वर्षांत जेवण अर्धं टाकून तो पहिल्यांदाच उठत होता. आंब्यांमधला झुला सोडून त्यानं खांद्यावर टाकला, कपड्यांची पिशवी घेतली आणि फाटकापाशी उभा राहून शेजारपाजार ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाला, "ज्या दिवशी हा माणूस माझ्या दारात येऊन माझी माफी मागेल, त्याच दिवशी मी या उंबऱ्यात पाऊल टाकीन. आईची शपथ."

त्याला दार नव्हतं. पण त्या वेळी तो मुद्दा कुणी काढला नाही.

नेरेइदा रडली. आन्सेल्मोनं तिला रडू दिलं. मग ती उठली, परसात गेली आणि दोन आंब्यांच्या मधली मोकळी जागा बघून म्हणाली की इथे कपडे वाळत घालायला दोरी छान बसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी आन्सेल्मो जेवायला आला तेव्हा खरवड पातेल्याला लागलेलीच होती. तो ती खात बसला आणि त्याच्या मनात आलं की न्याय म्हणतात तो हाच.

फक्त एक गोष्ट मनासारखी झाली नाही. तेल अजूनही कमी व्हायचं.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा आन्सेल्मो काडी हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग इकडेतिकडे बघून त्यानं गुपचूप तेल घातलं आणि काडी पुसून टाकली. आत जाऊन बायकोला म्हणाला, "बरोबर आहे." उबाल्दोनं किल्ली करून घेतली असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. उबाल्दो बाराओनाला गेला असल्याची बातमी तोवर आली होती. तिथून इथवर यायला बसला दोनेक तास लागतात, आणि उबाल्दोला बसस्टँडपर्यंत चालणंसुद्धा जिवावर यायचं. एवढा हिशेब आन्सेल्मोला येत होता. म्हणूनच त्यानं तो केला नाही.

गाडीची तब्येत मात्र लपवण्यासारखी राहिली नव्हती. सकाळी उठायची नाही. किक अशी जड की मारणाऱ्याचा गुडघा कुरकुरायचा. सुरू झाली की सायलेन्सरमधून निळसर धूर, आणि चढावर दोन माणसं बसली की धाप. नाक्यावरची पोरं विचारायची, काका, तेलपाणी बघता ना?  गाडीला बरं नाही असं दिसलं की आन्सेल्मो घरी येऊन आणखी थोडं तेल घालायचा. दुसरं औषध त्याला माहीत नव्हतं.

सप्टेंबरात गावच्या मेरीमातेची जत्रा आली. त्या सकाळी पालखी चर्चमधून निघाली आणि दोन्या ओब्दुलियाच्या लक्षात आलं की मोठ्या मेणबत्त्यांचं खोकं आपल्या घरीच राहिलं. ती धावत नाक्यावर आली. नवसाचा पांढराशुभ्र पोशाख, डोक्याला पांढरा रुमाल. आन्सेल्मोनं तिला घरी नेलं, खोकं तिच्या मांडीवर दिलं आणि पालखीला गाठायला निघाला. गाडी धुमसत होती, पण चालत होती. मिरवणूक मोठ्या रस्त्यानं सावकाश सरकत होती. बाजूच्या गल्लीतून निघून पालखीच्या पुढे जायचं आणि खोकं द्यायचं, असा त्याचा बेत.

गल्लीतून तो बरोबर निघाला. बरोबर पालखीसमोर गाडी बंद पडली.

आन्सेल्मोनं किक मारली. गाडीनं एक जाड निळा ढग सोडला. दुसरी किक, दुसरा ढग. वारा नव्हता. धूर पालखीभोवती चढला, मातेचा मुकुट दिसेनासा झाला. मागच्या रांगेतल्या बायकांना वाटलं की यंदा धूप भारी आणलाय, त्यांनी गुडघे टेकून छातीवर क्रूस काढले. पुढच्या रांगेत पाद्रीबाबा खोकत होते. बँडवाल्याची तुतारी मध्येच तुटली. आन्सेल्मो घामाघूम होऊन किका मारत राहिला आणि प्रत्येक किकेला मातेच्या चरणी आणखी एक ढग अर्पण होत राहिला. शेवटी चार जणांनी गाडी उचलून बाजूला ठेवली.

दोन्या ओब्दुलिया खाली उतरली तेव्हा तिच्या पांढऱ्या घागऱ्यावर काळ्या तेलाचे थेंब, कांजिण्या आल्यासारखे. तिला मोटरसायकलमधलं काही कळत नव्हतं. तिनं एकदा घागऱ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि म्हणाली, "आन्सेल्मो, हिला अपचन झालंय."

मग किरिनोकडे जाण्यावाचून इलाज उरला नाही.

किरिनोनं आधी एअर फिल्टर काढला. तो पाण्यातून काढलेल्या पावासारखा तेलानं निथळत होता. प्लग काढला, तोही काळाकुट्ट आणि ओला. किरिनोनं विचारलं, तेल किती घालतोस? आन्सेल्मो म्हणाला, लागेल तेवढं. रोज मोजून. कसं मोजतोस ते दाखव, किरिनो म्हणाला. आन्सेल्मोला तेवढंच हवं होतं. त्यानं गाडी साइड स्टँडवर लावली, काडी काढली, पुसली, बुडवली, उजेडाकडे धरली. तेल खालच्या खुणेला.

"बघ," तो म्हणाला. "आज सकाळीच घातलंय."

किरिनोनं हँडल धरून गाडी सरळ उभी केली. "आता बुडव."

आन्सेल्मोनं बुडवली. काडी बाहेर आली ती वरच्या खुणेच्याही कितीतरी वरपर्यंत माखलेली. त्याला वाटलं आपण नीट पुसली नाही. पुसून परत बुडवली. परत तेच.

किरिनोनं खाली पसरट भांडं ठेवून नट खोलला. तेल यायला लागलं. फेसाळलेलं, लस्सीसारखं. भांडं भरत आलं तरी धार थांबेना. किरिनोनं रंगाचा रिकामा डबा आणून खाली सरकवला. शेजारच्या दुकानातली दोन माणसं बघायला येऊन उभी राहिली. धार चालूच. "गॅलनभर तरी असेल," त्यातला एक म्हणाला.

आन्सेल्मोच्या घरच्या चोराची कथा किरिनोला, बाकी सगळ्या अझुआसारखीच, माहीत होती. तो टाचांवर बसून धारेकडे बघत म्हणाला, "तुझा चोर भला माणूस दिसतो. तेल नेत नव्हता, आणून टाकत होता."

मग त्यानं समजावून सांगितलं. गाडी कलली की तेल एका बाजूला सरतं, काडीच्या बाजूला कमी दिसतं. तू वरून भरतोस. इंजिनाला नको तेवढं पाजलं की ते फेसतं, ओकतं. थोडं फिल्टरमध्ये, थोडं जळून धुरात. ओकलं की सकाळी परत कमी दिसतं. तू परत पाजतोस. आन्सेल्मो ऐकत होता आणि नव्हताही. त्याच्या डोळ्यांसमोर उबाल्दोनं आवाज न करता खाली ठेवलेला चमचा होता.

हे कुणाला सांगू नकोस, एवढंच तो किरिनोला म्हणाला. किरिनोनं मेलेल्या आईची शपथ घेतली. गाडी हातानं ढकलत आन्सेल्मो घराच्या कोपऱ्यावर पोचला तेव्हा डॉमिनोच्या टेबलावरून हाक आली, "ए गॅलन." तेव्हापासून अझुआत त्याचं नाव गॅलन. मतदार यादीत तेवढं आन्सेल्मो राहिलं.

घरी येऊन त्यानं नेरेइदाला सगळं सांगितलं, काहीही न गाळता. ती दोरीवरचे कपडे काढत होती. ऐकून तिनं हातातली चादर घडी केली.

"उबाल्दोनं चोरलं नव्हतं हे मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली.

"तेव्हाच?"

"चोरी करायला पहाटे उठावं लागतं, आन्सेल्मो."

मग बोलली का नाहीस, असं तो विचारणार होता. पण तिच्या हातातल्या घडीकडे, मागच्या दोरीकडे, दोरीच्या दोन टोकांच्या आंब्यांकडे बघून त्यानं विचारलं नाही. मग तीच म्हणाली की माफी मागायला हवी हे खरं. पण माफी काही मासळी नाही, दोन दिवस राहिली म्हणून नासत नाही.

माफी राहिली. ती आन्सेल्मोच्या पोटात राहिली आणि त्या तेलासारखीच वर येऊ लागली. खरवड घशाखाली जाईना. तो चर्चमध्ये जाऊन कबुली देऊन आला. पाद्रीबाबा जत्रेपासून अजून खोकतच होते, त्यांनी जाळीआडून मोजकंच प्रायश्चित्त सांगितलं: बाराओनाला जा आणि त्याच्यासमोर माफी माग. घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा नेरेइदानं शर्टाला इस्त्री करून दिली. धर्मापुढे तिचा नाइलाज होता. फक्त तो निघताना तिनं दोरीवरचे ओले कपडे खुर्च्यांवर पसरायला सुरुवात केली, झुला परत बांधला गेला तर जागा सोडायची सवय हवी म्हणून.

किरिनोनं गाडी धुऊनपुसून, दुसऱ्या गाडीचा डबल स्टँड बसवून दिली होती. ती पूर्वीसारखी पळत होती. वाटभर आन्सेल्मो माफीची वाक्यं जुळवत होता. 'उबाल्दो, मी चुकलो' हे फार छोटं वाटायचं, म्हणून तो त्यात भर घालायचा. बाराओना येईपर्यंत माफीत बापाचा ट्रकसुद्धा आला होता.

उबाल्दोचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. बाजारामागे कासिल्दा नावाच्या विधवेची केळ्यांची वखार होती, तिथे तो काम करतो असं समजलं. काम करतो, हे आन्सेल्मोनं दोनदा विचारून खात्री करून घेतलं. आणि खरंच, वखारीच्या दारातून उबाल्दो खांद्यावर केळ्यांचा भलामोठा घड घेऊन ट्रककडे चालला होता. पोट गेलेलं, दंड भरलेले, चेहरा उन्हानं रापलेला. आन्सेल्मोला बघून घड जवळजवळ खाली पडला.

त्यानं घड ठेवला, आन्सेल्मोच्या दंडाला धरलं आणि त्याला ट्रकमागे ओढून नेलं.

"दाजी, एक शब्द बोलू नका."

"अरे पण मी आलोय तेच..."

"तुम्ही कशाला आलात ते तुमच्या इस्त्रीच्या शर्टावरून दिसतंय. बोलू नका."

मग त्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं. तो इथे आला तेव्हा बाजारात एका पायरीवर बसून होता. कासिल्दानं विचारलं, कोण तू? त्यानं आपली कहाणी सांगितली: बहिणीच्या घरी राखण करणारा माणूस, चोरीचा खोटा आळ, अर्ध्या जेवणावरून उठलो. कासिल्दाला अन्यायाची चीड. तिनं जेवू घातलं. मग बसून काय राहतोस म्हणाली, म्हणून त्यानं एक घड उचलला. मग दुसरा. आता ती त्याला आपल्या शेजारी बसवून जेवते, आणि नाताळानंतर लग्नाचं बघू म्हणाली आहे.

"सगळ्या बाजाराला मी माझी शपथ सांगून ठेवली आहे," उबाल्दो म्हणाला. "तुम्ही माफी मागितली की मला परत यावं लागेल. कासिल्दा स्वतः माझी पिशवी भरून देईल. शब्दाची पक्की बाई आहे, दुसऱ्याच्या शब्दाचीसुद्धा."

"पण तू चोरलं नव्हतंस. मला कळलंय ते."

"ते मला आधीच माहीत होतं, दाजी. तेवढंच सांगायला एवढ्या लांब आलात?"

आन्सेल्मोला काय वाटलं ते त्यालाच नीट कळलं नाही. छातीवरून दगड उतरल्यासारखं वाटलं, आणि खिसा कापला गेल्यासारखंही वाटलं. एवढी मोठी माफी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तयार केली होती, आणि ती घ्यायला कुणी नव्हतं. तो काही बोलणार एवढ्यात ट्रकच्या बाजूनं कासिल्दा आली. उंच, रुंद, हातात केळी कापायचा कोयता. ऐकलेल्या वर्णनावरून तिनं त्याला ओळखलं असावं.

"तो तेलाचा दाजी तूच ना?" ती म्हणाली. "कशाला आलास?"

उबाल्दो तिच्या मागे उभा होता. चेहऱ्यावर वर्षानुवर्षं अन्याय सोसलेल्या माणसाचं दुःख आणि डोळ्यांत विनवणी.

"केळी घ्यायला," आन्सेल्मो म्हणाला.

कासिल्दानं त्याला बाजाराच्या साक्षीनं बरंच ऐकवलं. जेवत्या माणसाला ताटावरून उठवणारा, तेलाच्या थेंबासाठी रक्ताचं नातं तोडणारा, आणि आता तोंड वर करून केळी मागणारा. आन्सेल्मो मान खाली घालून ऐकत राहिला. माफीसाठी त्यानं वाटेत मान खाली घालायची तयारी केलीच होती, ती इथे कामी आली. शेवटी तिनं वखारीतला सगळ्यात मार लागलेला घड त्याच्या गाडीला बांधून दिला.

तो घरी पोचला तेव्हा नेरेइदा दारात उभी होती. तिनं आधी मागच्या सीटवर बघितलं. तिथे केळी होती, भाऊ नव्हता.

"घेतली माफी?"

"घेत नाही म्हणतो."

नेरेइदानं छातीवर क्रूस काढला आणि ती कच्ची केळी उकडायला घेतली. कुस्करून, वर व्हिनेगरमध्ये परतलेला कांदा घालून तिनं ताट वाढलं. मार लागलेली असली तरी बाराओनाची केळी ती बाराओनाची. दोघं पोटभर जेवली. पाद्रीबाबांना आन्सेल्मोनं खरं ते सांगितलं. ते म्हणाले की समोरचा घेईपर्यंत माफी घेऊन उभं राहणं हेही प्रायश्चित्तच आहे, आणि ते मूळच्यापेक्षा लांबलचक आहे.

नाताळानंतर उबाल्दोचं लग्न ठरलं. निमंत्रण एकट्या नेरेइदाच्या नावानं आलं. तिला न्यायला मात्र आन्सेल्मोच होता, कारण बसमध्ये तिच्या नव्या पोशाखाची घडी मोडली असती. निघण्याआधी त्यानं गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करून तेल बघितलं, आणि तरी पुन्हा एकदा नेरेइदाला हँडल धरायला सांगून बघितलं. बाराओनाच्या चर्चपाशी ती उतरून आत गेली. तो समोरच्या बदामाच्या झाडाखाली इस्त्रीच्या शर्टात गाडीवर बसून राहिला. ओळखीची माणसं आत जाताना त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती.

घंटा वाजल्या, माणसं बाहेर आली, तांदूळ उधळले गेले. कासिल्दा पांढऱ्या टोपीत, आणि तिच्या दंडाला धरून उबाल्दो. कुणाचा तरी कोट घातलेला, पण बरोबर मापाचा. पायऱ्या उतरताना त्याची नजर रस्त्यापलीकडे गेली. सगळा बाजार आता बघत होता. उबाल्दो थांबला, हनुवटी वर केली, आणि संथपणे, सगळ्यांना दिसेल असं, त्यानं तोंड फिरवलं.

आन्सेल्मोनं त्याला इतकं नीट काही करताना कधीच पाहिलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि नेरेइदा जेवून बाहेर येईपर्यंत झाडाखाली वाट बघत बसला.